यकृताच्या पेशीला लागणारी जागा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते जन्मभर प्राणिशास्त्र शिकवत आले आणि आकृतीशिवाय लिहिलेल्या उत्तराला पूर्ण गुण देत नसत, असं मला त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. तेव्हा आपणही एका आकृतीपासून सुरुवात करू. ती तुम्ही मनातच काढायची आहे.

एक पेशी काढा, अनेक बाजू असलेली. तिची रुंदी २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा चाळीसेक पेशी ओळीनं बसतील. तिला लागून तशीच दुसरी, मग तिसरी, असं करत फक्त एका पेशीच्या जाडीची एक भिंत होऊ द्या. या भिंतीच्या दोन्ही अंगांनी रक्त वाहतं आहे. रक्ताच्या वाटेला जे अस्तर आहे त्याला सूक्ष्म छिद्रं आहेत, आणि अस्तर व पेशी यांच्यामध्ये एक अरुंद फट आहे. तिला डिसेची पोकळी म्हणतात. आता दोन शेजारच्या पेशी जिथे एकमेकींना टेकतात, तिथे मधोमध एक बारीक नळी काढा, जेमतेम एक-दोन मायक्रॉनची. तिच्यातून पित्त वाहतं. रक्त एका दिशेनं, पित्त उलट दिशेनं, आणि दोन्हींमध्ये फक्त ही एक पेशी. तिच्या काही बाजू रक्ताकडे तोंड करून असतात, काही शेजारणीकडे. कोणती बाजू कुठली, हे पेशीला पक्कं ठाऊक असतं. रक्तातून काय घ्यायचं, रक्तात काय सोडायचं, पित्तात काय टाकायचं, हे सगळं त्यावरच ठरतं.

ही झाली यकृताची मुख्य पेशी, हेपॅटोसाइट. प्रौढ माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं आणि त्याच्या एका ग्रॅममध्ये अशा दहा कोटींच्या आसपास पेशी असतात. रक्तातलं अल्ब्युमिन त्या बनवतात, रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं त्या बनवतात, अमोनियाचं युरियात रूपांतर करतात, साखर साठवतात आणि लागेल तशी सोडतात. आपण गिळलेल्या जवळजवळ प्रत्येक गोळीची पहिली गाठ यांच्याशीच पडते. त्यांच्याबरोबर आणखीही पेशी तिथे राहतात. जंतू गिळणाऱ्या कुप्फर पेशी, छिद्रांच्या अस्तराच्या पेशी, आणि डिसेच्या पोकळीत बसलेल्या, अ जीवनसत्त्व साठवणाऱ्या ताराकृती पेशी. या शेवटच्या पेशींकडे आपल्याला पुन्हा यावं लागेल.

आजचा विषय हा आहे की ही पेशी शरीराबाहेर काढली तर तिचं काय होतं, आणि तिला बाहेरही यकृताची पेशी म्हणून राहायला लावायचं तर काय करावं लागतं.

बाहेर काढणं फार अवघड राहिलेलं नाही. १९६९ साली बेरी आणि फ्रेंड यांनी उंदराच्या यकृतातून कोलॅजिनेज हे विकर खेळवून पेशी मोकळ्या करण्याची रीत दाखवली, आणि १९७६ साली नॉर्वेच्या सेगलेन यांनी तिचे दोन टप्पे नीट बसवले. आजही जगभर तीच चालते. आधी कॅल्शियम नसलेला द्रव यकृतातून वाहू द्यायचा, म्हणजे पेशींचे एकमेकींना धरून ठेवणारे दुवे सैल होतात. मग कॅल्शियमसह कोलॅजिनेज सोडायचं, म्हणजे पेशींमधला तंतूंचा आधार विरघळतो. यकृत मऊ पडतं, त्याचं आवरण हलकेच फाडलं की पेशी द्रवात मिसळतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सगळ्या गोल, चमकदार, सुट्या. मघाशी काढलेली आकृती पुसली गेलेली असते. भिंत नाही, रक्ताची बाजू नाही, पित्ताची नळी नाही.

या गोल पेशी प्लास्टिकच्या प्लेटमध्ये सोडल्या, ३७ अंशांवर ठेवल्या, तर काही तासांत त्या तळाला चिकटतात. दुसऱ्या दिवशी प्लेट पाहणाऱ्याला आनंद व्हावा अशीच दिसते. मग हळूहळू पेशी चपट्या होऊ लागतात, पसरतात, त्यांच्या कडा लांबतात. औषधं पचवणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० गटातल्या विकरांची पातळी पहिल्या एक-दोन दिवसांतच घसरते. आठवड्याभरात अल्ब्युमिनही रोडावतं. पेशी मेलेली नसते. रंग टाकून तपासली तर ती जिवंत दिसते, श्वसन करते, अन्न घेते. पण यकृताचं काम ती करत नाही.

माझं आजचं सगळं म्हणणं याच फरकाभोवती आहे. पेशी जगवणं आणि तिचं काम जगवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या प्रयोगशाळांमध्ये पहिलीचं मोजमाप फार सहज होतं, म्हणून पुष्कळदा तिच्यावरच समाधान मानलं जातं.

एक विलक्षण गोष्ट इथे सांगायला हवी. यकृत शरीरात असताना त्याची वाढण्याची ताकद अफाट असते. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला, आणि उरलेल्या भागानं आठवडा-दहा दिवसांत जवळपास मूळचं वजन गाठलं. जिवंत दात्याच्या यकृताचा तुकडा काढून रुग्णाला बसवता येतो तो याच बळावर. आणि हीच पेशी प्लेटमध्ये आली की क्वचितच विभागते. शरीरात तिला वाढायला सांगणारं जे काही होतं ते मागे राहिलं. त्यातलं काही रक्तातून येणारे संदेश होते, पण बरंचसं तिच्या आसपासच्या जागेत होतं.

आता थोडा इतिहास, कारण या क्षेत्राला आपला जुना रस्ता पुन्हा सापडायला बरीच वर्षं लागली.

शरीराबाहेर पेशी वाढवण्याचा पहिला ठाम प्रयोग १९०७ सालचा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला. रॉस हॅरिसन यांना चेतातंतू कसे वाढतात ते पाहायचं होतं. त्यांनी बेडकाच्या भ्रूणातला ऊतीचा कण बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला, आणि तो थेंब काचेच्या पट्टीला लटकवला. लसिका गोठली, आणि त्या गोठलेल्या थेंबातून तंतू वाढताना त्यांना दिसले. पुढे बरोज आणि कॅरेल यांनी लसिकेऐवजी गोठलेला रक्तद्रव वापरला. म्हणजे पेशीसंवर्धनाचा आरंभच जेलमध्ये झाला आहे. पेशीला चारी बाजूंनी मऊ, ओला आधार होता.

नंतर काच आली, आणि काचेच्या मागून प्लास्टिक. त्यात स्वच्छता होती, पेशी मोजता येत, एका थरात स्पष्ट दिसत, आणि हजारो प्लेट एकसारख्या करता येत. पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत या सपाट तळानं जे दिलं त्याचं मोल कमी करण्याचा माझा विचार नाही. पण काही पेशी सपाट तळावर खुशाल वाढतात, आणि काही तिथे स्वतःचं काम सोडून देतात. यकृताची पेशी दुसऱ्या जातीची.

१९७५ मध्ये मिचालोपोलस आणि पिटो यांनी यकृतपेशी कोलॅजेनच्या, म्हणजे पेशींमधल्या तंतूंच्या प्रथिनाच्या, पापुद्र्यावर ठेवल्या. तळाला न चिकटता मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगणाऱ्या जेलवर पेशी चपट्या होत नाहीत, जास्त दिवस टिकतात, असं दिसलं. हे पाऊल मोठं होतं. पण माझ्या मते खरं वळण आलं ते १९८९ साली बॉस्टनमध्ये. डन, यार्मश, टॉम्पकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतपेशी कोलॅजेन जेलच्या एका थरावर लावल्या आणि त्यांच्यावर त्याच जेलचा दुसरा थर ओतला. बस, एवढंच. मीडियम तेच, पेशी त्याच, जेलही तेच. एका थरावरच्या पेशींचा अल्ब्युमिनचा स्राव एक-दोन आठवड्यांत थांबत आला. दोन थरांमधल्या पेशी किमान ४२ दिवस अल्ब्युमिन, युरिया, पित्ताम्लं देत राहिल्या.

असं का व्हावं? मघाची आकृती आठवा. शरीरात पेशीच्या रक्ताकडच्या दोन्ही बाजूंना डिसेच्या पोकळीतला तंतूंचा आधार टेकलेला असतो. खाली एकच थर दिला तर पेशीला एक बाजू कळते, वरची बाजू उघडी राहते. वरून दुसरा थर पडला की वर आणि खाली दोन्हीकडे रक्ताची बाजू आहे असं तिला वाटू लागतं, आणि शेजारणीला टेकलेल्या कडेवर ती पित्ताची नळी नव्यानं बांधायला घेते. सूक्ष्मदर्शकाखाली दोन पेशींच्या सीमेवर उजळ रेषा उमटताना दिसतात, त्या या नळ्या. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. एकाच थरावर राहून मंदावलेल्या पेशींवर मागाहून दुसरा थर ओतला, तेव्हा त्यांचं काम परत वाढलं. म्हणजे पेशी आपलं काम कायमचं विसरलेली नव्हती. तिला जागा मिळाली नव्हती. ज्या कुणाला या विषयात पुढे काम करायचं असेल त्यानं हा प्रयोग मनात कोरून ठेवावा.

मघापासून ज्याला मी जेल म्हणते आहे ते हायड्रोजेल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या परिचयाचंच आहे. लांबच लांब रेणूंची जाळी आणि त्या जाळीत अडकलेलं पाणी. वजनानं बरंचसं पाणीच असतं, तरी ते वाहून जात नाही. चायना ग्रास घालून केलेला पदार्थ हायड्रोजेल आहे, खरवस आहे, डोळ्यांत घालायची मऊ लेन्सही आहे. त्या लेन्सची कथा प्राग शहरातली. ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० साली ‘नेचर’मध्ये शरीरात चालतील अशा पाणी धरणाऱ्या जेलबद्दल लेख लिहिला. पुढच्याच वर्षीच्या नाताळात विख्टर्ले यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या जोडकामाच्या खेळातले लोखंडी तुकडे आणि सायकलचा डायनॅमो वापरून लेन्स ओतायचं यंत्र जुळवलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही जेलवर मोठं काम झालेलं आहे. शेतीसाठी पाणी धरून ठेवणारं ‘जलशक्ती’ हे पॉलिमर तिथलंच, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांचं पॉलिमर जेलवरचं संशोधनही. हे ज्ञान आपल्याकडे नव्यानं आणायचं नाही. फक्त रसायनवाले आणि पेशीवाले एका टेबलाशी बसायला हवेत.

पेशीच्या दृष्टीनं जेलचा पहिला गुण म्हणजे त्याचा मऊपणा. तुमच्यापैकी काहींनी फायब्रोस्कॅन करून घेतला असेल. त्याच्या अहवालात किलोपास्कलमध्ये एक आकडा येतो, तो यकृताचा ताठरपणा. निरोगी यकृतात तो साधारण २ ते ६ च्या घरात असतो, १२.५ च्या वर गेला की डॉक्टर सिरोसिसचा विचार करू लागतात. आता प्लेटचं प्लास्टिक घ्या. त्याचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये मोजतात, म्हणजे यकृताच्या काही लाख पट. सिरोसिस झालेलं यकृतही त्यापुढे अतिशय मऊ. पेशी आपल्या आधाराला धरून ओढून पाहते, आणि तो किती ताणतो यावरून आतली जनुकं चालू-बंद करते. ताठर तळ मिळाला की ताराकृती पेशी अ जीवनसत्त्व टाकून देऊन व्रण भरणाऱ्या पेशी बनतात आणि कोलॅजेन ओकू लागतात. सिरोसिसमध्ये हेच घडतं. म्हणजे निरोगी यकृताचा अभ्यास प्लास्टिकवर करणारा माणूस नकळत रोगट जागेचा अभ्यास करत असतो. जेलमध्ये मात्र हा आकडा आपल्या हातात असतो. २ किलोपास्कलचं जेल करता येतं आणि १५ चंही, आणि त्याच पेशी दोन्हींत ठेवून रोग कसा घडतो हे पाहता येतं.

दुसरा गुण म्हणजे पेशीला धरायला काही तरी मिळणं. कोलॅजेनमध्ये ते मुळातच असतं. १९८४ साली पीअर्शबाखर आणि रुओस्लाह्ती यांनी दाखवलं की पेशी ज्या जागी हात घालते ती फायब्रोनेक्टिन या प्रथिनातली केवळ काही अमिनो आम्लांची साखळी आहे. आर्जिनीन, ग्लायसीन, अस्पार्टिक आम्ल हा तिचा गाभा. त्यामुळे पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या, पेशीला एरवी काहीच न सांगणाऱ्या कृत्रिम जेललाही ही छोटी साखळी जोडून पेशीसाठी धरण्याजोगं करता येतं. संगीता भाटिया यांच्या एमआयटीमधल्या प्रयोगशाळेनं याच मार्गानं मानवी यकृतपेशी, त्यांना साथ देणाऱ्या इतर पेशींसह, प्रकाशानं घट्ट होणाऱ्या अशा जेलमध्ये बंद केल्या आणि २०११ मध्ये त्या उंदरांच्या शरीरात बसवून मानवी यकृताचं काम तिथे चालतं हे दाखवलं. २०१७ मध्ये त्याच गटानं, केली स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखाली, फायब्रिनच्या जेलमध्ये यकृतपेशींचे पुंजके आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींच्या दोऱ्या नेमक्या आखणीनं ठेवल्या. यकृत बिघडलेल्या उंदरात रोवल्यावर हे ऊतीचं बीज पन्नास पटींनी वाढलं. प्लेटमध्ये विभागायला नकार देणारी पेशी योग्य शेजार आणि योग्य संदेश मिळताच वाढू लागली.

आणखी एक जेल आहे ज्याचं नाव घेतल्याशिवाय या क्षेत्रातलं कुठलंही संभाषण पुरं होत नाही, ते मॅट्रिजेल. उंदराच्या एका विशिष्ट अर्बुदातून काढलेला हा प्रथिनांचा अर्क. थंड असताना पातळ, ३७ अंशांवर घट्ट. अवयवांची सूक्ष्म प्रतिरूपं, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात, ती बहुतेक यातच वाढतात. मेरिचेल हुक यांनी आधी उंदराच्या आणि मग २०१५ मध्ये माणसाच्या यकृतातून वाढवलेली ऑर्गनॉइड्सही. त्याचं ऋण मान्य करूनही मला त्याच्याबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. त्यात हजाराहून अधिक निरनिराळी प्रथिनं असतात, दर खेपेच्या मालात त्यांचं प्रमाण बदलतं, ते महाग आहे, शीतसाखळीतून आणावं लागतं, आणि मूळ अर्बुदातलं असल्यामुळे रुग्णाच्या शरीरात घालण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या जेलमध्ये काय आहे हे आपण सांगू शकत नाही, त्यात पेशी नीट वागली तर कशामुळे वागली हेही सांगता येत नाही. विद्यार्थ्यांनी शिकताना ते जरूर वापरावं. पण एखाद्या देशाची औषधतपासणी त्यावर उभी करणं मला पटत नाही.

आता पेशी जेलमध्ये बंद करण्याकडे वळते. इथे मला रमायचं आहे, कारण या कामात हात घालणाऱ्याला पहिल्याच दिवशी काही तरी डोळ्यांना दिसतं.

अल्जिनेट तपकिरी समुद्रशेवाळातून मिळतं. आपल्या कोकण किनाऱ्यावर खडकांना धरून वाढणारं सरगॅसम त्याच कुळातलं. १८८१ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये स्टॅनफर्ड यांनी ते प्रथम वेगळं काढलं. सोडियम अल्जिनेटचं पाणी चिकट पण प्रवाही असतं. कॅल्शियम भेटलं की त्याच्या साखळ्यांमधले ग्युल्युरॉनिक आम्लाचे पट्टे कॅल्शियमच्या आयनांभोवती जोडीजोडीनं मिटतात आणि क्षणात जेल होतं. उष्णता नको, विषारी रसायन नको, म्हणून पेशीला इजा नाही. पेशी अल्जिनेटमध्ये मिसळायच्या आणि बारीक तोंडातून थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये पाडायचे. झाऱ्यातून बुंदी तेलात पडावी आणि पडता पडताच गोल घट्ट व्हावी, तसं ते घडतं. प्रत्येक दाण्यात शेकडो जिवंत पेशी. विजेच्या दाबानं किंवा हवेच्या झोतानं थेंब तोडले की दाणे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लहान करता येतात.

अल्जिनेटला पेशी धरत नाही, कारण त्यात मघाची साखळी नसते. हा दोषही आहे आणि गुणही. जेलला धरता आलं नाही म्हणून पेशी एकमेकींना धरतात, आणि दाण्याच्या आत त्यांचे घट्ट गोळे तयार होतात. लंडनमध्ये क्लेअर सेल्डन यांनी मानवी यकृतपेशींची एक वाढणारी जात अशा दाण्यांत वाढवून, शरीराबाहेर चालणाऱ्या यकृतयंत्रासाठी त्यांचा वापर करण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. काम झाल्यावर सोडियम सायट्रेट घातलं की कॅल्शियम निघून जातं, दाणे विरघळतात आणि पेशी तपासायला मोकळ्या मिळतात. हीच सोय अडचणही होते. मीडियममधला फॉस्फेट हळूहळू कॅल्शियम ओढून घेतो, दाणे फुगतात, मऊ पडतात. म्हणून प्रत्येक वेळी मीडियम बदलताना कॅल्शियमचं प्रमाण बघावं लागतं.

पेशीला पडद्याआड ठेवण्याची कल्पना मॉन्ट्रियलच्या टी. एम. एस. चँग यांची. १९६४ साली त्यांनी अर्धपार्य सूक्ष्म पिशव्या मांडल्या. अन्न आणि ऑक्सिजन आत, स्राव बाहेर, पण पांढऱ्या पेशींना आत शिरायला बंदी. १९८० मध्ये लिम आणि सन यांनी स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अल्जिनेट आणि पॉलिलायसीनच्या आवरणात घालून मधुमेही उंदरांना दिल्या. मग यकृताच्या पेशी दूर राहणं शक्य नव्हतं.

पण यकृताची पेशी स्वादुपिंडाच्या पेशीपेक्षा खूप जास्त ऑक्सिजन मागते. हिशेब करून बघू. दहा लाख यकृतपेशींना सेकंदाला साधारण ०.३ ते ०.९ नॅनोमोल ऑक्सिजन लागतो. ३७ अंशांवर हवेशी समतोल असलेल्या १ मिलिलिटर मीडियममध्ये तो असतो सुमारे २०० नॅनोमोल. भागाकार करा. दहा लाख पेशी एवढ्याशा द्रवातला सगळा ऑक्सिजन चार ते अकरा मिनिटांत संपवतील. वरून हवेतून आणखी विरघळत राहतो म्हणून त्या जगतात. शरीरात हीमोग्लोबिनमुळे धमनीचं रक्त तेवढ्याच आकारमानात मीडियमच्या चाळीसेक पट ऑक्सिजन वाहतं, आणि प्रत्येक पेशी रक्ताला लागून असते. जेलमध्ये रक्त नाही. ऑक्सिजन फक्त झिरपत जातो, आणि पेशींची दाटी जास्त असेल तर एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पुढे तो पोचत नाही. म्हणून मोठा दाणा केला की बाहेरच्या थरातल्या पेशी जिवंत आणि आतला गाभा मेलेला. लहान दाणा केला तर आवरण पातळ होतं आणि संरक्षण कमी. पेशी विरळ ठेवल्या तर ऑक्सिजन पुरतो, पण त्यांना शेजारणी मिळत नाहीत. या क्षेत्रातले निम्मे वाद या तीन गोष्टींच्या ओढाताणीतून निघालेले आहेत, आणि एकच सूत्र सगळीकडे लावता येणार नाही, असं मला वाटतं. प्रयोग कशासाठी आहे यावर दाणा ठरवावा.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात अनिल धवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दाणा थेट बाळांपर्यंत नेला. अचानक यकृत निकामी झालेल्या आठ मुलांच्या पोटाच्या पोकळीत, त्यातली बरीच अगदी नवजात, दात्यांच्या यकृतातून काढलेल्या आणि अल्जिनेटमध्ये बंद केलेल्या पेशी सोडल्या. आवरणामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागली नाहीत. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार मुलांना प्रत्यारोपणाची गरजच पडली नाही, कारण मधल्या काळात त्यांचं स्वतःचं यकृत सावरलं. तीन मुलं प्रत्यारोपण होईपर्यंत तग धरू शकली. आठ हा आकडा लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मी शास्त्रज्ञ म्हणून सांगायलाच हवं. पण ज्या आईबापांना डॉक्टर फक्त यादीत नाव घाला एवढंच सांगू शकत होते, त्यांच्यासाठी हा आकडा किती मोठा आहे हे मला ठाऊक आहे.

त्या पेशी आल्या कुठून? बऱ्याचदा अशा यकृतांतून, जी प्रत्यारोपणाला योग्य ठरत नाहीत. चरबी जास्त आहे, वेळ टळून गेली आहे, किंवा बाळासाठी कापून उरलेला भाग आहे. अवयव रुग्णाला बसवता आला नाही म्हणून दान वाया गेलं असं होत नाही. आपल्याकडे मेंदूमृत दात्याच्या नातेवाइकांशी बोलताना समुपदेशकांनी संशोधनाचा आणि पेशींचा हा पर्यायही, वेगळी संमती घेऊन, समजावून सांगावा असं मला कळकळीनं वाटतं.

आता पेशी जगवणं आणि तिचं काम जगवणं यांतल्या फरकाकडे, म्हणजे मूळ मुद्द्याकडे येते. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बीवरचं फियालुरिडीन हे औषध १५ रुग्णांना दिलं गेलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत धोका दिसला नव्हता. काही आठवडे सगळं ठीक चाललं, आणि मग एकेकाचं यकृत कोसळू लागलं. पाच जण दगावले, दोघे प्रत्यारोपणामुळे वाचले. नंतर कळलं की हे औषध मानवी पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात शिरतं, उंदराच्या शिरत नाही. तिथे ते आत नेणारा वाहकच नसतो. या दुर्घटनेतून मला दोन गोष्टी दिसतात. पेशी माणसाचीच हवी. आणि ती आठवडेच्या आठवडे कामाची राहायला हवी, कारण विष हळूहळू साचत होतं. तीन दिवसांत काम सोडणाऱ्या प्लेटमधल्या पेशीला ते कधीच दिसलं नसतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, हिरवा रंग पाहून थांबू नका. जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दाखवणारी छायाचित्रं सुंदर असतात आणि निबंधात छापून येतात. त्याच दाण्यांचा युरिया मोजा, अल्ब्युमिन मोजा, पी-४५० विकरं औषध पचवतात का ते पाहा, आणि हे पहिल्या दिवशी नव्हे तर तिसऱ्या आठवड्यात करा. एवढं नसेल तर त्या जेलबद्दल काहीच सिद्ध झालेलं नाही.

सरकारी दारंही आता उघडत आहेत. अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. भारतानं मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या आणि चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशी, ऑर्गनॉइड आणि चिपवरच्या अवयवांच्या, म्हणजे छोट्या पट्टीतल्या बारीक वाटांमध्ये पेशी ठेवून केलेल्या अवयवांच्या नमुन्यांच्या, पुराव्याला जागा दिली. २०२२ मध्येच मानवी यकृतपेशींच्या चिपवर २७ औषधं तपासली गेली, आणि तिनं विषारी औषधांपैकी ८७ टक्के ओळखली, निर्धोक औषधावर एकदाही खोटा ठपका ठेवला नाही. त्या चिपमध्येही पेशींच्या खाली-वर जेलचाच आधार आहे.

आपल्यासाठी पहिलं काम कोणतं असावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. पहिल्या फळीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. कुणाला कावीळ होते, उपचार थांबवावा लागतो, आणि अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उभा राहतो. कुणाला होईल हे काही अंशी पेशीतल्या एका विकरावर ठरतं, ते आयसोनियाझिडला ॲसिटिल गट जोडतं. काहींत हे भरभर होतं, काहींत सावकाश, आणि भारतात सावकाश गटातली माणसं अर्ध्याहून अधिक आहेत. परदेशी दात्यांच्या गोठवून पाठवलेल्या महागड्या पेशींवर हा प्रश्न सुटणार नाही. इथल्या दात्यांच्या, दोन्ही गटांतल्या पेशी हव्यात. घटक माहीत असलेलं, इथेच बनवता येईल असं जेल हवं. अल्जिनेट आणि कोलॅजेन दोन्ही आपल्याकडे करता येतात. तिन्ही औषधं एकत्र, रुग्णाच्या रक्तात असतात त्याच प्रमाणात द्यायला हवीत. आणि ती पेशी किती दिवस कामाची राहायला हवी, याचंही उत्तर दवाखान्यांतून मिळालेलं आहे. उपचार सहा महिन्यांचा असला तरी यकृताचा त्रास बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांत दिसतो. दोन थरांतल्या पेशींनी १९८९ मध्येच ४२ दिवस काम केलं होतं. राहिलेले दोन-तीन आठवडे जोडायचे आहेत, आणि ते मानवी पेशींत जोडायचे आहेत. हे काम एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं आहे. त्यासाठी यकृतपेशी काढायला शिकलेले चार हात, एक प्रत्यारोपण केंद्र आणि जेलचं रसायन जाणणारं कुणी तरी एकत्र यायला हवं. या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यात उतरायचं असेल त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावं. कोलॅजेन कसं ओततात इथपासून मी सांगेन.